पाणी गोड, रान चोपण

आमच्या चुलत्यांच्या रानात दोन पाणी आहेत. ओढ्याकाठची जुनी विहीर, ४५ फूट खोल, अर्धी बांधलेली आणि अर्धी मुरमात. आणि वरच्या अंगाला मारलेला बोअर, साडेपाचशे फूट. गाव सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्याच्या पूर्वेकडचं, म्हणजे पाऊस येईल तेव्हा खरा. विहिरीचं पाणी मचूळ. पाहुण्याला तांब्या दिला तर एक घोट घेऊन तो हळूच तांब्या खाली ठेवतो. बोअरचं पाणी मात्र गोड. त्यात तूरडाळ लगेच शिजते, साबणाला मूठभर फेस येतो. चुलती तर म्हणते, देवानं वर गोड पाणी ठेवलं आणि खाली खारं.

मग कुणीतरी पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा, आणून दिला. विहिरीत बुडवला, ११५० दाखवला. बोअरला ७००. चुलत्यांनी विहिरीवरची मोटर काढून ठेवली आणि द्राक्षबागेचं ड्रीप बोअरला जोडलं. तिसऱ्या वर्षी बागेत वेगळंच दिसायला लागलं. ड्रीपरखाली पाणी मुरेना, डबकी साचून राहायची. वरून ओल आणि फूटभर खाली उकरलं तर कोरडं. वापसा (मशागतीजोगी बेताची ओल) म्हणून येईना. ढेकूळ वाळलं की दगड, भिजलं की शेंबडासारखा चिखल. ज्याला आपण चोपण म्हणतो, ते.

कमी क्षारांच्या पाण्यानं रान बिघडलं आणि जास्त क्षारांचं पाणी विहिरीत पडून राहिलं. हे उलटं कसं झालं ते समजून घेतलं की पाण्याच्या तपासणीचा अर्धाअधिक विषय कळतो.

आधी क्षार येतात कुठून ते पाहू. आमटी चुलीवर विसरली की आटते आणि खारट होते. मीठ कुणी वाढवलेलं नसतं, पाणी तेवढं उडून गेलेलं असतं. कमी पावसाच्या मुलखात जमिनीचं हेच होतं. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वरून उन्हाळ्याची वाफ त्याच्या कितीतरी पट. पीक पाणी पितं आणि क्षार बहुतेक मागं ठेवतं. जे थोडं पाणी झिरपून परत विहिरीत जातं, ते आधीपेक्षा दाट होऊन जातं. पुढच्या पाळीला तेच पाणी आपण पुन्हा उपसतो. यातले माण-खटाव ज्या सातारा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे. तिथं ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मातीतला क्षार धुऊन नदीला लागतो, आणि तिथल्या माणसाला हा लेख वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट खडकाची. आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण. त्याला स्वतःला पाणी धरायला जागा नाही. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात. विहिरीचं पाणी ताजं, पावसागणिक बदलणारं, आणि त्यात खडकातून सुटलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्यापैकी. खोल भेगांत पाणी पुष्कळ वर्षं पडून असतं. तिथं ते आपल्यातलं कॅल्शियम खडकातल्या चिकणमातीला देतं आणि बदल्यात सोडियम घेतं. बोअर मारताना चुऱ्याबरोबर कधी कधी पांढरे चमकदार खडे वर येतात, ते झिओलाइट. तेही हीच अदलाबदल करतात. प्रत्येक खोल बोअरचं असं होतं असं नाही, शेजारच्या दोन बोअरची पाणी वेगळी निघतात. पण खोल जाल तसं सोडियम वाढण्याची शक्यता वाढते, एवढं धरून चालावं.

आता ‘थोड्याशा’ क्षाराचा हिशेब. एकरी द्राक्षाला वर्षभरात समजा ६०० मिलिमीटर पाणी दिलं, तर ते होतं सुमारे २४ लाख लिटर. विहिरीच्या पाण्यात लिटरला ११५० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे वर्षाला एकरात जवळजवळ २८०० किलो. पन्नास किलोच्या ५६ गोण्या! खताची एक गोणी जास्त पडली तर आपण गड्यावर ओरडतो, आणि ड्रीपमधून या ५६ गोण्या गुपचूप येतात. बोअरमधून येणाऱ्या गोण्या ३४. तेव्हा चुलत्यांचा निर्णय वेडेपणाचा नव्हता. मीटर जेवढं सांगू शकतो तेवढं त्यानं खरंच सांगितलं होतं.

मीटर मोजतो ती पाण्याची वीज वाहून नेण्याची ताकद, म्हणजे इसी. क्षार जास्त तर वीज जास्त वाहते. टीडीएस हा त्याच इसीवरून काढलेला अंदाज, साधारण इसीला ६४० नं गुणून. विहिरीची इसी १.८, बोअरची १.१ (एकक डेसिसायमन प्रति मीटर, प्रयोगशाळा कधी १८०० आणि ११०० असं मायक्रोसायमनमध्ये लिहिते, घाबरू नये). कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये पाण्याचे चार वर्ग पाडले, ते अजून आपल्याकडच्या अहवालांत सापडतात: ०.२५ पर्यंत पहिला, ०.७५ पर्यंत दुसरा, २.२५ पर्यंत तिसरा, त्यापुढं चौथा. गंमत म्हणजे आपली दोन्ही पाणी तिसऱ्याच वर्गात बसतात.

इसीनं काय कळतं? पिकाला पाणी ओढायला किती जोर लागेल ते. मातीतलं पाणी खारं असलं की मूळ पाण्यात उभं असून तहानलेलं राहतं. दुपारी बाग सुकते, आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी सोडतो. कोणतं पीक किती सोसतं याचे आकडे ठरलेले आहेत, पण ते मातीच्या अर्काच्या, म्हणजे भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या इसीचे असतात, आपण देतो त्या पाण्याच्या नव्हे. निचरा बरा असेल तर मातीची इसी पाण्याच्या दीडपट धरायची. द्राक्षाची मर्यादा १.५, त्यापुढं दर एका अंकाला सुमारे ९.६ टक्के उत्पन्न घटतं. ऊस १.७, कांदा १.२, टोमॅटो २.५. घेवडा तर १ लाच मान टाकतो. ज्वारी मात्र ६.८ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत उभा राहतो. आपल्या आज्यानं मचूळ विहिरीवर ज्वारी घेतली ती अडाणीपणानं नव्हे.

विहिरीचं १.८ चं पाणी मातीत २.७ होणार, म्हणजे द्राक्षात ११-१२ टक्के फटका. बोअरचं १.१ मातीत १.६५, फटका दीड टक्क्याचासुद्धा नाही. आपल्याकडं डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेल्या बागा आहेत, त्यांना विहिरीचं पाणीही यापेक्षा बरं सोसतं. खुंटाची पद्धत इथं रुजली ती मुळात दुष्काळ आणि खारं पाणी यांच्यामुळंच. पण नुसत्या इसीवर निकाल लावायचा तर बोअर जिंकतो, यात वाद नाही.

आता मीटर जे बोलत नाही ते. क्षार किती, हे त्याला कळतं. कोणते, हे कळत नाही. चुलत्यांच्या पोरानं शेवटी दोन्ही पाणी प्रयोगशाळेत दिली. आकडे सोपे करून मांडतो, सगळे मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये. विहीर: कॅल्शियम ५, मॅग्नेशियम ६, सोडियम ७, बायकार्बोनेट ५, क्लोराइड ७. बोअर: कॅल्शियम १, मॅग्नेशियम १, सोडियम ९, बायकार्बोनेट ७, क्लोराइड ३. बोअरचा सामू (पीएच) ८.६.

मिलीइक्विव्हॅलंट या शब्दाला बिचकायचं कारण नाही. हे वजन नाही, ही हातांची मोजणी आहे. कॅल्शियमला आणि मॅग्नेशियमला दोन हात, सोडियमला एक. काळ्या मातीचे कण म्हणजे पापडासारखे पातळ पत्रे, आणि ते एकमेकांना ढकलतात. दोन हातांचं कॅल्शियम एका हातानं इकडचा पापड धरतं, दुसऱ्यानं तिकडचा. असे पापड धरले गेले की मातीचे रवाळ दाणे बनतात, दाण्यांमध्ये पोकळी राहते, पाणी-हवा खेळते. सोडियमला एकच हात, आणि तो भोवती पाण्याचं घोंगडं पांघरून बसतो. कॅल्शियमच्या जागी तो घुसला की पापड सुटे होतात, ओले झाले की पसरतात आणि पोकळ्या बुजवतात. पाणी मुरायचं थांबतं. चोपण म्हणजे हेच, मातीचे हात सुटणं.

(अहवाल मिलिग्रॅममध्ये आला असेल तर कॅल्शियमला २० नं भागा, मॅग्नेशियमला १२.२ नं, सोडियमला २३ नं, क्लोराइडला ३५.५ नं आणि बायकार्बोनेटला ६१ नं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांची बेरीज इसीच्या साधारण दहापट आली पाहिजे. विहिरीत १८, बोअरमध्ये ११, बरोबर. फार फरक असेल तर तपासणीत कुठंतरी घोळ आहे, पुन्हा करायला सांगा.)

सोडियमचा धोका दोन आकड्यांनी मोजतात. पहिला एसएआर (सोडियम शोषण गुणोत्तर): सोडियमला, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याच्या वर्गमुळानं भागायचं. विहीर: बेरीज ११, निम्मे ५.५, वर्गमूळ २.३५, म्हणून ७ भागिले २.३५ म्हणजे ३. बोअर: बेरीज २, निम्मे १, वर्गमूळ १, म्हणजे सरळ ९. एकीकडं तीन, एकीकडं नऊ.

हा आकडा कधीही एकटा वाचू नये, इसीशेजारी ठेवून वाचावा. पाण्यात एकूण क्षार बरेच असले तर तेच क्षार पापडांना दाबून धरतात आणि सोडियमचा उपद्रव लगेच दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या कोष्टकात एसएआर ६ ते १२ असेल तर इसी १.९ च्या वर असताना मुरण्याची अडचण धरत नाहीत, १.९ ते ०.५ च्या मध्ये असली तर धरतात. आपला बोअर ९ आणि १.१, म्हणजे नेमका अडचणीत. आणि म्हणूनच अशा रानाचं खरं रूप पहिल्या जोराच्या पावसात दिसतं. उन्हाळाभर बरं वाटणाऱ्या रानावर बिनक्षाराचं पावसाचं पाणी पडतं, दाबून धरणारे क्षार धुतले जातात, सोडियम जागेवर राहतो, आणि रान फुगून वरून पपडी धरतं. लोक म्हणतात पावसानं बिघडलं. पावसानं फक्त उघड केलं.

दुसरा आकडा आरएससी (शिल्लक सोडियम कार्बोनेट), आणि आपल्या भागातल्या खोल बोअरसाठी मला तो एसएआरपेक्षा जास्त कामाचा वाटतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. १.२५ च्या आत चांगलं, २.५ पर्यंत जपून, त्यापुढं सिंचनाला अयोग्य. विहीर: ५ वजा ११, म्हणजे उणे ६. बोअर: ७ वजा २, म्हणजे अधिक ५. मर्यादेच्या दुप्पट.

याचा अर्थ असा की बोअरच्या पाण्यात कॅल्शियमला चुना बनवून संपवून टाकल्यावरही बायकार्बोनेट शिल्लक उरतं, आणि ते सोडियमबरोबर जोडी करतं. सोडियम बायकार्बोनेट. म्हणजे खाण्याचा सोडा! तूरडाळ लगेच का शिजते आणि साबणाला फेस का येतो, याचं उत्तर इथं आहे. चुलती डाळीत सोडा घालत नव्हती, बोअर घालत होता. पाणी मातीत आटत गेलं की हा सोडा मातीतलं उरलंसुरलं कॅल्शियमही चुना करून खाली बसवतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम २ वरून १ वर आलं की एसएआर ९ चा पावणेतेराच्या घरात जातो. अहवालात ९ दिसतो आणि मुळाशी १२-१३ पोचतो.

मग करायचं काय? इथं मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायची आहे. ज्या विहिरीला चुलत्यांनी बाद केलं, औषध तिच्यातच होतं. विहिरीत दोन हातवाले जास्त, बोअरमध्ये बायकार्बोनेट जास्त. दोन्ही पाणी शेततळ्यात निम्मं निम्मं मिसळली तर कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ३.५, सोडियम ८, बायकार्बोनेट ६. आरएससी ६ वजा ६.५, म्हणजे उणे अर्धा. एसएआर ४.४. इसी १.४५, म्हणजे द्राक्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास फटका, तोही खुंटामुळं कमी होईल. मचूळ पाण्यानं गोड पाणी सुधारलं. मिसळताना थोडा चुना खाली बसतो, म्हणून मिसळायचं ते तळ्यात किंवा टाकीत, थेट ड्रीपच्या पाइपमध्ये नाही. नाहीतर ड्रीपर पांढरे होऊन चोंदतील. म्हैसाळ किंवा टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी आवर्तनाला मिळत असेल तर त्याचाही असाच उपयोग होतो. उगवणीला आणि नवीन लागणीला ते चांगलं पाणी राखावं, कारण लहान रोपाला खार सगळ्यात जास्त लागतो.

विहीर नसेल तर जिप्सम. हिशेब सोपा आहे: आरएससी एका अंकानं उतरवायला १००० लिटर पाण्याला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. ५ वरून २.५ वर आणायचं तर २१५ ग्रॅम. वर्षाच्या २४ लाख लिटरला सुमारे ५२० किलो, आणि बाजारातलं जिप्सम ७५ टक्के शुद्ध धरलं तर ७०० किलो, म्हणजे १४ गोण्या एकरी. दरवर्षी. एकदाच पसरून मोकळं होता येत नाही, कारण सोडाही दरवर्षी येतोय. उत्तर भारतात पाणी जिप्समच्या खड्यांच्या हौदातून वाहवत नेऊन मग रानात सोडायची पद्धत आहे. शेणखत, ताग-धैंचा गाडणं हेही हवंच, पण नुसत्या तागानं सोडियम हटत नाही; त्याच्या जागी बसायला कॅल्शियम लागतंच. दुकानात ‘चोपण निवारक’ म्हणून बाटल्या मिळतात. आम्हीही एकदा आणली होती. बाटलीवर कॅल्शियम किती हेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी लिटरभरात १४ गोण्या कशा मावणार?

हलक्या मुरमाड रानात हेच बोअरचं पाणी एवढा त्रास देत नाही, कारण तिथं सुटायला पापडच थोडे. म्हणून ‘शेजाऱ्याला चालतंय, मला का नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा मातीत असतं.

बाकीच्या आकड्यांपैकी क्लोराइडकडं द्राक्षवाल्यानं बघावं. पानाच्या कडा करपतात, आधी जुनी पानं, आणि ते पालाशच्या कमतरतेसारखं दिसतं. मग आपण पोटॅश म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो, जो स्वतःच क्लोराइड आहे. क्लोराइड ४ च्या वर असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश वापरावं. बोरॉन लिटरला ०.७ मिलिग्रॅमच्या आत असावा. नायट्रेट अहवालात आलं तर ते खत म्हणून धरा: लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा, एवढं असेल तर २४ लाख लिटरमधून एकरी २४ किलो नत्र येतं. युरियाच्या एका गोणीपेक्षा जास्त. ते मोजलं नाही की वेल माजतो आणि घड पिकायला रेंगाळतात.

नमुना घेताना होणारी चूक सगळा हिशेब फुकट घालवते. मोटर चालू करून किमान १५-२० मिनिटं पाणी वाहू द्या, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. औषधाची तर नाहीच, थंड पेयाचीही नको. काठोकाठ भरा, वर हवा राहिली की बायकार्बोनेट आणि सामू बदलतात. बाटलीवर गट, तारीख, खोली लिहा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. आणि ‘पिण्याचं’ नव्हे, ‘सिंचनाचं’ असं सांगा. ती दोन वेगळी तपासणी आहे. पिण्याला गोड लागणारं पाणी काळ्या रानाला नापास होऊ शकतं, हे आपण पाहिलंच.

एक धोक्याची गोष्ट राहिली. खारं पाणी वापरायचं तर थोडं जास्त पाणी देऊन क्षार मुळाखाली ढकलावे लागतात. पाण्याची इसी १.५ आणि पीक द्राक्ष असेल तर हिशेबानं दिलेल्या पाण्याचा चौथा हिस्सा मुळाखाली जाईल एवढं जादा. पण हे निचरा असेल तरच. निचरा नसताना जादा पाणी दिलं की खालची पातळी वर येते आणि क्षार केशाकर्षणानं पुन्हा माथ्यावर. मिरज-वाळव्याच्या नदीकाठच्या उसाच्या रानांत मातीवर क्षाराची पांढरी फुटलेली दिसते ती अशीच, आणि तिथलं कृष्णेचं पाणी काही खारं नव्हे. तिथं आता जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून निचरा काढावा लागतो.

आपल्या रानात सोडियम घुसलाय का, हे घरी बघायचं असेल तर बॅटरीचं पाणी आणा, तेच ते डिस्टिल्ड. काचेच्या ग्लासात ओता. वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. दोन तासांनी बघा. ढेकूळ नुसतं फुटलं असेल तर काळजी नाही. पण त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं असेल तर हात सुटलेत.

चुलत्यांनी विहिरीवर मोटर पुन्हा बसवली त्याला दोन पावसाळे झाले. जिप्समही चालू आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक ग्लास कायम असतो, दर छाटणीला नवं ढेकूळ. पहिल्या वेळी ग्लासातून पलीकडची खिडकी दिसत नव्हती. परवा गेलो तेव्हा गज दिसत होते, चिमणी दिसत नव्हती. चुलती अजून डाळ बोअरच्याच पाण्यात शिजवते.